भावकी, तट, गट आणि फूट : बारामती-इंदापूरच्या दुभंगाची शब्दकथा

एकाच गावात, संस्थेत किंवा पक्षात राहून दुसऱ्या समूहाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या समूहाला मराठीत गट म्हणतात. गट बाहेरचा नसतो. दोन देशांची लढाई होते, दोन पक्षांची निवडणूक होते. पण गट पडायला आधी एक घर, एक गाव किंवा एक कारखाना लागतो आणि त्यावर दोन्ही बाजूंचा सारखाच हक्क असावा लागतो. ‘गटबाजी’ हे त्याचे नाव ठेवणारे रूप. त्यातला ‘बाजी’ हा फारसी प्रत्यय खेळाचा आणि सवयीचा अर्थ घेऊन येतो. गटबाजी नेहमी समोरचा करतो. स्वतःच्या बाजूला माणसे ‘आमचे कार्यकर्ते’ म्हणतात आणि पलीकडच्यांना ‘त्यांचा गट’.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके येतात. दुभंगासाठी मराठीने जेवढे शब्द घडवले, त्यातले बहुतेक या पट्ट्यात कधी ना कधी वापरून झालेले दिसतात. प्रत्येक शब्दामागे वाटून घेण्याची एकेक वस्तू आहे. भावकी वतनावर भांडली, गावचे तट मानपानावर पडले, गट पाणी, कर्ज आणि उसाभोवती बांधले गेले आणि फूट पक्षाच्या नावा-चिन्हावर झाली. वस्तू बदलली तसा शब्द बदलत गेला.

सर्वांत जुना थर भाऊबंदकीचा. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वारशाने चालत आणि भाऊ वाढले की वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत. उत्पन्नाचा वाटा आण्या-पैत मोजता येई. वडीलपणाचा मान मात्र वाटता येत नसे. पोळ्याला कोणाचा बैल आधी निघायचा, होळीत पहिली पोळी कोणाची पडायची, कागदावर नांगराची निशाणी कोणी आधी करायची, यावरून थोरल्या आणि धाकट्या पातीत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले. निवाडा गोतसभेत होई. तेथे महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई आणि क्वचित दिव्यही करावे लागे. उत्पन्नाने फार मोठी नसलेली वतने राखण्यासाठी लोकांनी घरे धुळीला मिळवली, हे त्या काळच्या कागदपत्रांत जागोजागी दिसते. आज त्या मानाची किंमत हास्यास्पद वाटेल. पण गावात मान म्हणजे पत होती, आणि पतीवरच कर्ज, सोयरीक आणि न्याय मिळत असे.

भाऊबंदकी आणि पैसा एकत्र आले की केवढा पक्ष उभा राहतो, याचे अठराव्या शतकातले मोठे उदाहरण बारामतीचेच आहे. बारामतीकर नाईक जोशी हे सावकारांचे घराणे. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई या घरातील आबाजी नाईकांना दिली होती, म्हणजे पेशव्यांशी थेट सोयरीक. बाजीराव या घराण्याचे मोठे कर्जदारही होते. एप्रिल 1740 मध्ये बाजीरावांचे निधन झाले, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच घराण्यातील बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. शाहू महाराजांनी वस्त्रे बाळाजी बाजीरावांना, म्हणजे नानासाहेबांना दिली आणि नाईकांचा डाव फसला. त्यानंतर नाईकांनी कर्जवसुलीचा तगादा लावला. सत्तेचा मार्ग बंद झाला, तेव्हा हिशेबाचा मार्ग उघडला. यातली प्रत्येक व्यक्ती एकाच छत्रपतींची सेवक आणि अनेक जण एकमेकांचे नातेवाईक होते. पुढे गटाची जी लक्षणे दिसतात, ती सगळी इथे आहेत: नाते, कर्ज, बाहेरचा पाठीराखा, आणि गादी मोडण्याची नव्हे तर गादीशेजारची जागा मिळवण्याची इच्छा. त्या काळी याला गट म्हटले जात नव्हते. पक्ष, फितवा, बेबनाव असे शब्द चालत. बारामतीत मात्र नाईकांची आठवण राजकारणापेक्षा त्यांच्या वाड्याने आणि त्यांच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंतांच्या काव्याने टिकली.

प्रत्येक संघर्षाला तट म्हणता येत नाही. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदला गेलेला हा उठाव तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात सुरू झाला. तेथेही दोन बाजू होत्या, पण कुणबी आणि परगावाहून येऊन स्थिरावलेला सावकार यांना एकाच भावकीचे म्हणता येत नव्हते. म्हणून त्याला दंगा किंवा उठाव म्हटले गेले. चौकशी आयोग बसला, 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला आणि सावकारीला थोडा लगाम बसला. कर्ज कोण देणार हा प्रश्न शिल्लक राहिला. पुढे सहकारी सोसायटीने त्याचे उत्तर दिले आणि त्या उत्तरातूनच गट जन्मले.

त्याआधी पाणी आले. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात सुरू झाला. भाटघरच्या धरणाचे पाणी बारामतीमार्गे इंदापूरपर्यंत जाऊ लागले आणि एका तालुक्याचे दोन प्रदेश झाले: कालव्याखालचा बागायत आणि वरचा जिरायत. बागायतीत ऊस आला. सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी कालव्याकाठी जमिनी घेऊन किंवा खंडाने करून गुळाचे गुऱ्हाळ भरभराटीला आणले. पाण्याची पाळी, पाटकरी, पाणीअर्ज हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. कालव्याचा वरचा भाग आणि टेल, म्हणजे शेवटचा भाग, यांच्यातली कुरबुर तेव्हाच सुरू झाली. बारामती वर आणि इंदापूर खाली, ही भूगोलाची गोष्ट पुढे राजकारणाची झाली. इंदापूरच्या शेवटच्या गावांत पाणी न पोहोचल्याची तक्रार आजही प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. या दोन तालुक्यांमधील नेतृत्वाची चुरस निव्वळ माणसांच्या स्वभावाने समजावून सांगणाऱ्यांनी एकदा कालव्याचा नकाशा पाहावा.

गावपातळीवर या काळाचा शब्द ‘तट’ हा होता. ‘गावात दोन तट पडले’ म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे कळते: दोन तालमी, जत्रेत दोन छबिने, एकमेकांच्या मयताला जायचे की नाही याची चर्चा. ‘दुफळी’ हा त्याचाच शेजारी. फळी म्हणजे ओळ. ओळ दुभंगली की दुफळी माजते. स्वातंत्र्यानंतर निवडणुका आल्या आणि तटाच्या जागी इंग्रजीतून आलेला ‘पार्टी’ हा शब्द बसला. खेड्यात पार्टी म्हणजे राजकीय पक्ष असेलच असे नाही. ‘तो कुणाच्या पार्टीचा?’ या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या नावाने येते, पक्षाच्या नव्हे. दोन पार्ट्या असलेल्या गावात दोन दूध संकलन केंद्रे असतात, जमले तर दोन सोसायट्याही, आणि शेजारच्या घरांचे दूध वेगवेगळ्या डेअरीत जाते. सभासद अर्ज नामंजूर झाला किंवा पीककर्ज रखडले, तर त्यामागे पार्टी शोधण्याची सवय गावाला पडली. ती सगळीच निराधार नव्हती.

‘गट’ हा शब्द राजकारणात रुळला तो पक्षाच्या पातळीवर. या भागात त्याची सुरुवात काँग्रेसअंतर्गत शेतकरी कामगार संघापासून धरता येते. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी 1946 च्या सुमारास काँग्रेसमध्येच राहून शेतकऱ्यांचा हा वेगळा गट बांधला आणि लवकरच तो बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) झाला. गटाचा पक्ष होण्याचे हे पहिले मोठे उदाहरण. जेधे स्वतः पुढे काँग्रेसमध्ये परतले आणि 1957 मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेले. मागे राहिलेल्या शेकापमध्ये बारामतीचे पवार कुटुंब होते. शारदाबाई पवार 1938 मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या, आणि गोविंदराव पवार नीरा कालव्याच्या पट्ट्यातील सहकारी खरेदी-विक्री संघाच्या कामात होते.

नोव्हेंबर 1959 मध्ये जेध्यांचे निधन झाले आणि 1960 मध्ये बारामतीत पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांचे पुत्र गुलाबराव जेधे यांना उभे केले. शेकापतर्फे उभे राहिले वसंतराव पवार. त्यांचे धाकटे बंधू शरद पवार तेव्हा काँग्रेसचे तरुण कार्यकर्ते होते आणि त्यांनी प्रचार केला तो भावाविरुद्ध. गुलाबराव जेधे निवडून आले. भावाभावांत बाजू वेगळ्या झाल्या, पण याला भाऊबंदकी म्हणता येणार नाही. वाटणीला काहीच नव्हते आणि घर एकच राहिले. बारामतीच्या राजकीय घराने पक्षभेद आणि घरभेद वेगळे ठेवण्याचा हा पहिला धडा गिरवला. चौसष्ट वर्षांनी तो पुन्हा गिरवायची वेळ आली, तेव्हा तो तितका सोपा राहिला नव्हता.

गटांना स्थायी घर दिले ते साखर कारखान्याने. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये सुरू झाल्यावर नीरेच्या खोऱ्यातही तीच वाट धरली गेली. माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती हे कारखाने 1950 च्या दशकात उभे राहिले, मागून सोमेश्वर आला; इंदापूर तालुक्यात बऱ्याच काळाने बिजवडीचा, आज कर्मयोगी शंकरराव पाटील यांचे नाव असलेला कारखाना आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा यांची भर पडली. इंदापूर तालुक्यातच वालचंदनगरला 1930 च्या दशकापासून खासगी कारखाना होता. तेथे ऊस होता, यंत्रे होती, वसाहत होती. सभासद नव्हते, म्हणून पॅनेलही नव्हते. सहकारी कारखान्यात मात्र शेअर एक असो की दहा, मत एकच. हजारो सभासदांना दर पाच वर्षांनी संचालक निवडायचे असतात आणि त्या संचालकांच्या हाती शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईचे वेळापत्रक असते. ऊस वेळेत तुटला तर वजन भरते, उशिरा तुटला तर घटते. तोडीचा क्रम, टोळ्यांचे वाटप, कामगारभरती, उसाचा अंतिम दर हे सगळे तेथेच ठरते. ‘विरोधात मत दिले म्हणून ऊस रानात वाळवला’ हा आरोप पश्चिम महाराष्ट्रात एकाही कारखान्यावर झाला नसेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

इथे ‘गट’ शब्दाला दुसरा, अगदी निरुपद्रवी अर्थही आहे. कारखान्याचे कार्यक्षेत्र गटांत विभागलेले असते. माळेगावच्या निवडणुकीत माळेगाव, पणदरे, सांगवी, खांडज-शिरवली, निरावागज, बारामती असे गट असतात. जिल्हा परिषदेच्या मतदारसंघालाही गट म्हणतात आणि त्याच्या खालच्या पंचायत समितीच्या मतदारसंघाला गण. जमिनीला गट नंबर असतो आणि बायकांचा बचत गट असतो. त्यामुळे ‘पणदरे गटात अमुक गटाचे तीन उमेदवार’ असे वाक्य बारामतीच्या वाचकाला क्षणभरही अडवत नाही. परगावच्या माणसाला ते दोनदा वाचावे लागते. महसुली पाटलाचे पद रद्द करणारा कायदा 1962 चा, आणि जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्याही 1962 मध्येच, 1 मे रोजी. वतनाची तक्षीम गेली आणि त्याच सुमारास मतदारसंघाचा गट आला.

कारखान्याच्या गटांची नावे घराण्यांवरून किंवा नेत्यांवरून पडली. निंबुतच्या काकडे घराण्याचा सोमेश्वर परिसरात दबदबा होता आणि पवार-काकडे चुरस ही बारामती तालुक्याच्या राजकारणाची अनेक वर्षे मुख्य रेघ राहिली. संभाजीराव काकडे 1977 मध्ये जनता पक्षाकडून आणि पुन्हा 1985 च्या पोटनिवडणुकीत बारामतीतून लोकसभेवर गेले. मधल्या 1980 च्या निवडणुकीत इंदापूरचे शंकरराव बाजीराव पाटील काँग्रेसकडून निवडून आले होते. माळेगावात चंद्रराव तावरे आणि रंजन तावरे हे एकेकाळी पवारांबरोबर होते, पुढे विरोधात गेले आणि 2015 मध्ये त्यांच्या पॅनेलने पवारांच्या घरच्याच कारखान्यात सत्ता मिळवली. राज्यात वजन असलेल्या नेत्याला स्वतःच्या ऊसपट्ट्यात हरवता येते, हे त्या निकालाने दाखवले.

अभ्यासकांचे लक्ष या पट्ट्याकडे 1960 च्या दशकापासून आहे. अँथनी कार्टर यांनी नीरेपलीकडच्या फलटण तालुक्यात अभ्यास करून 1974 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. गावच्या युत्या मूठभर वजनदार घरे आपापसांत जुळवतात आणि मोडतात, सामान्य माणसाला त्यात फारशी निवड नसते, असे त्यांचे चित्र आहे. मेरी कॅरस यांनी 1972 च्या ग्रंथात महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या गटांमागे व्यक्तीपेक्षा आर्थिक हितसंबंध शोधले. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याविषयी वेगळाच मुद्दा मांडला: गट कितीही भांडले तरी दोघांचाही ऊस त्याच कारखान्यात जाणार असतो, म्हणून कारखाना बंद पाडणे कोणालाच परवडत नाही. माळेगाव परिसराचा अभ्यास केलेले डोनाल्ड अ‍ॅटवूडही लहानमोठ्या ऊस उत्पादकांच्या सामाईक हिताला महत्त्व देतात. बारामती-इंदापूरला बाविस्करांचे म्हणणे जास्त लागू पडते. विरोधी पॅनेल असते म्हणून वार्षिक सभेत अहवालाचे पान उघडले जाते आणि शेजारच्या कारखान्याने किती दर दिला याचा जाब विचारला जातो. पण नेत्यांना या खेळाची किंमत फारशी द्यावी लागत नाही, ती तोडीची वाट पाहणाऱ्या छोट्या सभासदाला द्यावी लागते. कार्टर यांचे चित्रही म्हणून टाकाऊ ठरत नाही.

गट पक्षापेक्षा टिकाऊ असतो, हे समजायला इंदापूर पाहावे. शंकरराव पाटलांचे पुतणे हर्षवर्धन पाटील 1995, 1999 आणि 2004 मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले आणि युती व आघाडी अशा दोन्ही सरकारांत मंत्री झाले. 2009 मध्ये त्यांचे चिन्ह हाताचा पंजा होते, 2014 मध्येही तेच. 2019 मध्ये ते कमळावर लढले आणि 2024 मध्ये तुतारीवर. शेवटच्या तिन्ही निवडणुकांत त्यांना हरवले ते राष्ट्रवादीच्या दत्तात्रय भरणे यांनी. चिन्हे फिरत राहिली. ‘पाटील गट’ आणि ‘भरणे गट’ ही गावोगावची विभागणी बरीचशी जागेवर राहिली. मतदाराच्या दृष्टीने पक्ष हा त्या निवडणुकीपुरता पत्ता असतो.

यापुढचा शब्द फूट. गट आत राहतो. फुटीत घरच दोन होते. शरद पवार 1967 मध्ये बारामतीतून विधानसभेवर गेले. जुलै 1978 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून ते बाहेर पडले आणि 18 जुलै रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा त्यांना चिकटला तो तेव्हापासून. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झाले, 1986 मध्ये ते काँग्रेसमध्ये परतले आणि काँग्रेसने काढून टाकल्यावर जून 1999 मध्ये त्यांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली.

या दोन फुटींच्या मध्ये कायदा आला होता. 1985 च्या पक्षांतरबंदीने एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक दिली होती. 2003 च्या दुरुस्तीने ती काढून घेतली. तेव्हापासून फुटणाऱ्याला फुटलो असे म्हणणेच परवडेनासे झाले. ‘आम्हीच मूळ पक्ष’ असाच दावा करावा लागतो. 2 जुलै 2023 रोजी शरद पवारांचे पुतणे अजित पवार समर्थक आमदारांसह सरकारमध्ये गेले, तेव्हा त्यांनी पक्ष सोडल्याचे म्हटले नाही, पक्षावर हक्क सांगितला. निवडणूक आयोगाने 6 फेब्रुवारी 2024 रोजी विधिमंडळातील बहुमताच्या कसोटीवर नाव आणि घड्याळ त्यांना दिले. शरद पवारांच्या बाजूला पक्षनावापुढे स्वतःचे नाव आणि तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह मिळाले. वृत्तपत्रांनी दोघांनाही गट म्हटले, पुढे जागा वाचवण्यासाठी कंसात ‘अप’ आणि ‘शप’ लिहू लागली. आयोगाच्या लेखी एक पक्ष होता, वाचकाच्या लेखी दोन गट आणि बारामतीकरांच्या लेखी एक घर. त्या वर्षी लोकसभेला शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे यांनी अजित पवारांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला. सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच बारामतीने अजित पवारांना त्यांचे पुतणे युगेंद्र पवार यांच्यावर एक लाखाहून अधिक मतांनी निवडून दिले. दोन्ही वेळा काटेवाडी ते सुप्यापर्यंतच्या मतदाराने कोणत्या कामासाठी कोण, याचा स्वतंत्र हिशेब केलेला दिसतो.

दुभंग मिटतो तेव्हाचेही शब्द आहेत: दिलजमाई, मनोमिलन, बिनविरोध. यांतला शेवटचा शब्द दरवेळी आनंदाचा असतोच असे नाही. बिनविरोध निवडणुकीत सभासदाला मत देण्याचे कामच उरत नाही. 2025 मध्ये दोन शेजारी कारखान्यांत दोन रीती दिसल्या. माळेगावात चार पॅनेल उभी राहिली, अजित पवार स्वतः संस्था सभासदांच्या ‘ब’ वर्गातून लढले, त्यांच्या पॅनेलने 21 पैकी 20 जागा घेतल्या, उरलेली एक चंद्रराव तावरे यांनी, आणि शरद पवारांच्या बाजूच्या पॅनेलला एकही मिळाली नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यात वर्षानुवर्षे विरोधात राहिलेले पृथ्वीराज जाचक अजित पवारांच्या बाजूच्या पॅनेलमधून निवडून आले आणि कारखान्याचे अध्यक्ष झाले.